स्नेअर पॅडची दुरुस्ती: हेड वाजलं, रिम बाकी

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की माझ्या इलेक्ट्रॉनिक ड्रम किटचा स्नेअर पॅड मध्येच दबका वाजतो आणि कधी एकाच फटक्याला दोन आवाज देतो. हेडचं, म्हणजे पॅडच्या मधल्या भागाचं, काम आता झालंय; रिमचं, म्हणजे कडेचं, बाकी आहे. रबरी पॅडचं किट असलेल्यांना हे दुखणं आज ना उद्या भेटणारच, म्हणून सविस्तर लिहितो.

पॅड उघडण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते पाहिलं. टॉमची (किटमधल्या दुसऱ्या ड्रमची) केबल काढून स्नेअरच्या पॅडला लावली, तरी रड तीच. मग टॉमचा पॅड स्नेअरच्या केबलवर लावला, तो खणखणीत वाजला. म्हणजे मॉड्यूल (पॅडच्या सिग्नलवरून आवाज काढणारा डबा) आणि केबल दोन्ही ठीक, दोष पॅडच्या पोटात. केबलचं एक लक्षात असू द्या. हेड आणि रिमला वेगळा पिएझो (फटक्याचा विजेचा सिग्नल करणारा सेन्सर) असलेल्या माझ्यासारख्या पॅडला स्टिरिओ केबल लागते: टोकावर हेड, मधल्या रिंगवर रिम, मागे ग्राउंड. गिटारची मोनो केबल लावली तर रिंग थेट ग्राउंडला जाते आणि रिम मुकी होते. त्यासाठी पॅड खोलू नका.

या टप्प्यावर बरेच जण मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये शिरतात. आवाज दबका, वाढव सेन्सिटिव्हिटी. दोनदा वाजतो, वाढव मास्क टाइम, म्हणजे एका फटक्यानंतर मॉड्यूल जितका वेळ दुसरा फटका मोजत नाही तो. मला हे अजिबात पटत नाही. 120 च्या टेम्पोला बत्तिसाव्या नोट्समध्ये 62.5 मिलिसेकंदांचं अंतर असतं आणि फ्लॅमच्या, म्हणजे एक हलका आणि एक मुख्य असे लागोपाठ पडणाऱ्या, दोन फटक्यांत त्याहून बरंच कमी. मास्क टाइम 50 मिलिसेकंदांच्या आसपास नेला की डबल ट्रिगर (एका फटक्याला दोन आवाज) थांबतो खरा, पण फ्लॅममधला हलका फटका आधी पडतो, तो मोजला जातो आणि मागून येणारा मुख्य फटकाच गिळला जातो. महिनोन्‌महिने घासून बसवलेला हात असा वाया का घालवायचा?

तर पॅड खोलला. मागचे स्क्रू काढले की रबराखालची लोखंडी प्लेट हाती येते. तिच्या पाठीवर पिएझो चिकटवलेला असतो: पितळेची चकती, तिच्यावर पांढऱ्या सिरॅमिकचा थर आणि त्यावर चांदीचा पातळ मुलामा. प्लेट एकदम ओढू नका, वायर आखूड असतात. माझ्या पॅडमधली फोमची डबल टेप वितळून गुळाच्या पाकासारखी झाली होती आणि चकती एका बाजूने सुटली होती. डबल ट्रिगरचं कारण हेच. सैल चकती फटक्यानंतरही थरथरत राहते आणि मॉड्यूलला तो दुसरा फटका वाटतो.

दबक्या आवाजाचं कारण मात्र वेगळं निघालं. चकती ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तेव्हा सिरॅमिकवर केसाएवढी भेग दिसली, लाल वायरच्या सोल्डरला खेटून गेलेली. पिएझो म्हणजे विजेच्या दृष्टीने कपॅसिटर, त्यामुळे मीटरवर रेझिस्टन्स बघून काही कळत नाही. वायर सोडवून कपॅसिटन्स मोजला तर 11 नॅनोफॅरड, शेजारी ठेवलेल्या त्याच मापाच्या नव्या चकतीचा 21. भेगेपलीकडचा जवळजवळ अर्धा भाग वायरपासून तुटला होता.

नवी 27 मिलिमीटरची चकती पुण्याच्या तापकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळाली. जुनीचा व्यास मोजूनच घ्या, 35 मिलिमीटरचीही असते. सोल्डरिंगला घाई हवी, धसमुसळेपणा नको. पितळेवर बारीक पॉलिश पेपर फिरवून फ्लक्स लावला की काळी वायर छान धरते. सिरॅमिकची बाजू नाजूक. आयर्न तिथे रेंगाळलं की चांदीचा मुलामा सोल्डरमध्ये विरघळून निघून येतो, शिवाय जास्त तापलेल्या सिरॅमिकचा पिएझो गुणच कमी होतो. म्हणून लाल वायरच्या टोकाला आधी सोल्डर चढवून घेतलं, चकतीवर फ्लक्सचा ठिपका दिला आणि आयर्न क्षणभर टेकवून उचललं. सोल्डर 63/37 चं (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं), ते 183 अंशांना वितळतं. सांधा बारीक ठेवला आणि वायरला ताण बसू नये म्हणून थोडं अंतर सोडून ग्लू गनचा थेंब दिला.

जुन्या टेपचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढला. हा भाग कंटाळवाणा आहे, पण प्लेट स्वच्छ नसेल तर नवी टेपही सुटणार. टेप एकसारख्या जाडीची लावली आणि चकती मधोमध सपाट दाबली, सोल्डरवर भार न देता.

जोडल्यावर सगळी सेटिंग मूळ आकड्यांवर आणली. मास्क टाइम 8 वर असताना डबल ट्रिगर नाही, फ्लॅम स्वच्छ, आणि घोस्ट नोट्स (अगदी हलके फटके) कडेलाही ऐकू येतात.

रिमवर फटका मारला की हेडचा आवाज मात्र अजून हलकासा उमटतो. रिमचा पिएझो प्लेटच्या फार जवळ आहे की त्याची टेपही गेली आहे, ते आता पाहायचंय. थ्रेशोल्डला (किती हलका फटका मोजायचा त्या सेटिंगला) तोवर हात लावणार नाही. ज्यांनी दोन पिएझोंच्या मध्ये फोम किंवा रबर घालून पाहिलं असेल त्यांनी जाडी किती ठेवली ते कळवा.