वसरीवरच्या चार चौकटी

बाबा गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात दाखल होते त्या 19 रात्री मी त्यांच्या खाटेशेजारी बसून वहीत चौकोन पाडले. झोप येत नव्हती आणि वाचनात मन लागत नव्हतं. पानाचे चार भाग करायचे. पहिल्यात आज काय केलं, दुसऱ्यात काय पाहिलं, तिसऱ्यात काय कानावर पडलं आणि चौथ्यात एक चित्र. ही रीत लिंडा बॅरी या अमेरिकन व्यंगचित्रकार बाईंची. त्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात शिकवतात, आणि ज्यांनी लहानपणीच चित्र काढणं सोडून दिलं अशी माणसं त्यांना विशेष जवळची वाटतात. मी त्यांतलीच. शाळा सुटल्यापासून चित्रासाठी पेन्सिल हातात धरली नव्हती.

चौथ्या चौकोनात सलाइनची बाटली काढली. समोरच्या आजींनी उशाशी जपून ठेवलेली दोन केळी काढली. एका रात्री खाटेखालच्या बाबांच्या चपला काढल्या.

बाबा गेले. बाराव्यानंतर वही उघडली आणि त्या चपलांपाशी थांबले. उजवीची टाच आतल्या बाजूने पार झिजलेली दिसत होती. मी ती तशी काढली होती, पण काढताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे कितीतरी वर्षं बाबा तो पाय ओढत चालत होते आणि घरात कुणाला ते कळलं नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर रडले.

ते चित्र चांगलं नव्हतं. तरी त्याने मला जे दाखवलं ते 19 रात्री शेजारी बसूनही मला दिसलं नव्हतं. हे दुसऱ्या कुणालातरी मिळावं, एवढ्यासाठी मी शनिवारची बैठक सुरू केली.

फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घराला लाल कोब्याची लांब वसरी, म्हणजे ओसरी, आहे. दर शनिवारी चार ते सहा. प्रत्येकाने एक कोरी वही आणि एक काळं पेन आणायचं, खोडरबर आणायचा नाही. पहिल्या दिवशी चौघं आली: शेजारची वहिनी, कपडे शिवणारी एक बाई, कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी सेवेची, बस चालवून निवृत्त झालेले एक काका आणि दहावीतला एक मुलगा. वही उघडण्याआधीच काकांनी सांगून टाकलं, "बाय, म्हाका चित्रां काडपाक येनात." मी म्हटलं, मलाही येत नाहीत.

मग त्यांना मारिओ मिरांडांबद्दल सांगितलं. लोटलीच्या या माणसाची चित्रं गोव्यात घराघरांत पोचली आहेत, पण ते कॉलेजात इतिहास शिकले होते. तरुणपणी ते रोजच्या रोज चित्रांची डायरी ठेवत. 1949, 1950 आणि 1951 या वर्षांच्या त्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. लग्नघरं, पाद्री, शेजारीपाजारी, गावातली कुत्री, दिवसभर जे दिसलं ते रात्री पानावर. काकांनी ऐकून घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं.

बॅरीबाई वर्गापुरतं प्रत्येकाला दुसरं नाव घ्यायला लावतात. आम्ही स्वयंपाकघरातली आणि बाजारातली नावं घेतली. वहिनी झाली भिरंड (कोकम), शिवणकाम करणारी तेफळ (तिरफळ), काका शेवटो (एक मासा) आणि मुलगा बोंडू (काजूचं फळ). आमच्याकडे कोण कुणाची सून आणि कुणाच्या घरात काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे या नावांचा खूप आधार झाला. भिरंडीच्या वहीत काय निघालं ते भिरंडीचं, वहिनीचं नव्हे.

सुरुवात गोल गोल रेघेने करायची. मधल्या ठिपक्यापासून बाहेर, रेघ रेघेला चिकटून पण न टेकता, दोन मिनिटं. हात सैल होतो आणि डोकं गप्प बसतं. दुसऱ्याच शनिवारी शेवटो म्हणाले की हे आपण पाहिलंय. सांगे तालुक्यात उसगाळीमळला, कुशावतीच्या काठी जांभ्यात कोरलेलं आहे. ती कातळशिल्पं 1993 साली उजेडात आली. बैलांच्या नि हरणांच्या आकृत्यांमध्ये वळसे घेत आत जाणारं एक मोठं वर्तुळ आहे. तेव्हापासून त्या रेघेला आम्ही 'उसगाळी' म्हणतो. "चला, उसगाळी काढा" म्हटलं की वसरीवर फक्त पेनांचा आवाज उरतो.

नंतर घर काढायचं. आधी दोन मिनिटांत, मग एका मिनिटात, मग 30 सेकंदांत, शेवटी 5 सेकंदांत. हा सराव कॉमिक शिकवणारे अनेक जण करून घेतात. 5 सेकंदांचं घर जवळजवळ दरवेळी सगळ्यांत जिवंत निघतं, कारण नीटनेटकं करायला वेळच नसतो.

इथवर सगळं छान चाललं होतं. बिघडवलं ते मीच. तिसऱ्या की चौथ्या बैठकीत बोंडूने नारळ पाडणारा पाडेली काढला होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "किती सुंदर रे!" मुलगा खुलला, पण बाकी तिघांचे हात आखडले. तेफळने आपल्या पानावर तळवा ठेवला. स्तुतीसुद्धा तराजूच असते, एकाचं पारडं वर गेलं की दुसऱ्याचं खाली येतं. हे मला त्या तळव्याने शिकवलं.

दुसरी चूक याहून मोठी. उत्साहाच्या भरात मी सगळ्यांच्या पानांचे फोटो आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. विचारलं कुणालाच नाही. भिरंडीचं पान दोनच चौकटींचं होतं. पहिलीत दाराला कुलूप लावणारा हात, दुसरीत भिंतीवरचा रिकामा खिळा. शब्द एकही नाही. कॉमिकमध्ये दोन चौकटींच्या मधे जी पांढरी पट्टी असते, तिथे काय घडलं हे वाचणारा स्वतः भरतो. तिच्या त्या पट्टीत माहेरचं घर विकलं गेलं होतं. ग्रुपवरून तो फोटो पुढे गेला आणि तिच्या भावजयीपर्यंत पोचला. तिने पट्टी तिच्या परीने भरली. पुढच्या शनिवारी भिरंड आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी तिच्या घरी गेले, माफी मागितली, ग्रुप बंद केल्याचं सांगितलं. तिने चहा केला आणि विषय बदलला. मला तो राग पटला. तिने जे चौघांसमोर ठेवलं होतं ते मी गावासमोर ठेवलं होतं.

तिच्याशिवायचे ते महिने जड गेले. त्याच काळात एका संस्थेकडून विचारणा आली. सभागृह फुकट देतो, पण वर्षअखेर स्पर्धा आणि प्रमाणपत्रं ठेवा. पावसाळा तोंडावर होता आणि वसरीवर पाण्याचे सपकारे येतात, त्यामुळे क्षणभर मोह झाला. शेवटोंनी विचारलं, "पहिला नंबर कुणाच्या दुःखाला द्यायचा?" आम्ही वसरीला ताडपत्री बांधली.

एका रविवारी आम्ही कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन आलो. तिथल्या ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि ती कला जपली. त्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी पानं असतात. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, म्हणजे दोन्ही बाजूंना चित्र. कथेकरी एक पान उभं धरतो, गातो, सांगतो, मग पुढचं पान. समोरच्यांनी बघायचं आणि ऐकायचं. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात ही चित्रांची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि मी रीत शोधायला विस्कॉन्सिनपर्यंत गेले होते. दोन्हींची गाठ आमच्या वसरीवर पडली याचा मला फार आनंद झाला.

तिथून आम्ही आमचे नियम उचलले. पान छातीशी धरायचं, तोंड बाकीच्यांकडे. हवं तर सांगायचं, नको तर नुसतं धरायचं. बघणाऱ्यांनी चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, सल्ला तर नाहीच. पूर्ण पान बघून झालं की "पाहिलं" एवढंच. पान वसरीबाहेर जाणार नाही, फोटो निघणार नाही. आणि वही बंद ठेवायचा हक्क प्रत्येकाला, कारण न सांगता.

"पाहिलं" हा शब्द पहिल्यांदा सगळ्यांना अपुरा वाटला. आता त्याची किंमत कळते. तेफळने एकदा दुकान, मशीन, सुई आणि चौथ्या चौकटीत नुसता काळा गोळा असं पान धरलं. बाकीचे आम्ही सगळे मिनिटभर त्या गोळ्याकडे बघत राहिलो. मग एकेक करून "पाहिलं", "पाहिलं". तिचे खांदे खाली आले. त्यानंतरच्या शनिवारी ती आपल्या बहिणीला घेऊन आली. आता आम्ही अकरा जण आहोत.

भिरंड चवथीनंतर परत आली. कुणी काही विचारलं नाही. तिने वही आणली होती, पण पुढचे तीन शनिवार ती बंदच ठेवली. नुसती उसगाळी काढायची, तीही जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला.

गेल्या शनिवारची गोष्ट. शेवटो त्यांच्या बसच्या शेवटच्या दिवसाचं पान करत होते, बोरी पुलावरचं. हॉर्नपाशी अडले. आवाज काढायचा कसा? पोंऽऽ लिहिलं तर रिक्षा वाटते म्हणाले. भोंऽऽ तर बोटीसारखा. बोंडू म्हणाला, अक्षरं मोठी करत न्या. तेफळ म्हणाली, बोलण्याच्या फुग्यात नको, फुग्याच्या बाहेर सोडा. साडेपाच वाजले होते, तेवढ्यात रस्त्यावरून पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा हॉर्न वाजवत आला. सगळे कान देऊन ऐकायला लागलो. त्याचा पों आणि बसचा पों यांत फरक नेमका कुठे? बोंडू पाव घ्यायला पळाला आणि पोदेराला आणखी दोनदा वाजवायला लावलं.

भिरंडीने शेवटोंच्या हातातलं पेन मागून घेतलं. आपली वही उघडली, कोऱ्या पानावर मोठा 'पों' काढला, त्याच्या मात्रेचं शेपूट पानाच्या कडेपर्यंत लांबवत नेलं आणि कडेवरून तसंच खाली सोडलं. "पुलावर असा जातो," ती म्हणाली, "नदीवरून पलीकडे."

तिने पान छातीशी धरलं.

"पाहिलं," शेवटो म्हणाले.