शब्दवही: 'व्हेटरन'पासून वासरापर्यंत

सध्या वहीत इंग्रजीतले वयाचे आणि मुरलेपणाचे शब्द चालू आहेत. सुरुवातीला ते अर्थानुसार लावले होते, आता मूळ धातूनुसार लावतोय. तेव्हापासून नाती भराभर दिसू लागली आहेत.

सगळ्यात जास्त रमलो ते 'व्हेटरन'मध्ये. लॅटिनमध्ये 'वेटुस' म्हणजे जुना, आणि रोमन सैन्यात वर्षानुवर्षं काढलेला शिपाई तो 'वेटेरानुस'. या शब्दाच्या मुळाशी 'वर्ष' हा अर्थ आहे. संस्कृतातले वत्सर आणि संवत्सर त्याच मुळाचे. वत्स म्हणजे मुळात वर्षभराचं पिल्लू, आणि 'वत्सरूप'वरून आलं आपलं वासरू! लॅटिनमध्येही वासराला 'विटुलुस' म्हणत. वासराच्या मांसासाठी इंग्रजीत 'व्हील' आला तो तिथूनच. गोठ्यातलं वासरू आणि लढाया पाहिलेला जुनाजाणता शिपाई एकाच कुळातले निघाले, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

'सीनियर'ची ओळ बरीच भरली. 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा. त्याच्यापासून सेनेट, सेनाईल, आणि फ्रेंचमधून झिजत आलेला 'सर'. पंचविशीतल्या मास्तरांनाही आपण सर म्हणतो, पण शब्दाच्या पोटात 'वयाने मोठा' हाच अर्थ आहे. ऋग्वेदातला 'सन', म्हणजे जुना, याच घरातला. इसवी सनातला सन मात्र अरबी आहे, तो या ओळीत घेऊ नका.

'जेरियाट्रिक्स', म्हणजे म्हातारपणाच्या आजारांचं वैद्यक, हा शब्द न्यूयॉर्कच्या डॉ. इग्नाट्झ नाशर यांनी १९०९ मध्ये घडवला. त्यातला ग्रीक 'गेरास', म्हणजे म्हातारपण, आपल्या जरा आणि जीर्णचा भाऊबंद. रोजच्या बोलण्यातला 'जुना'सुद्धा संस्कृत 'जूर्ण'वरून आलेला, म्हणजे त्याच घरचा. 'एज'चं नातं फ्रेंच आणि लॅटिनमधून थेट आयुष्यातल्या 'आयु'शी जुळतं.

'एक्सपीरियन्स'च्या मुळाशी करून पाहणं आहे. एक्स्पर्ट, एम्पिरिकल हे शेजारी अपेक्षित होते. पण धोक्याचा 'पेरिल' आणि समुद्री चाचा 'पायरेट' हेही तिथेच सापडतात. अनुभव धोका पत्करूनच येतो, असं त्या जुन्या लोकांना वाटत असावं, असा माझा कयास.

आता 'ओल्ड' घेतलाय. त्याचा मूळ धातू वाढण्याचा, पोसण्याचा. 'ॲडल्ट' आणि 'ॲडोलेसन्ट' त्याच्याच नात्यातले. त्यानंतर 'डॉयेन', म्हणजे एखाद्या क्षेत्रातला सगळ्यात ज्येष्ठ माणूस: लॅटिनमध्ये दहा जणांचा प्रमुख तो 'डेकानुस', कॉलेजातला 'डीन'ही तोच. आपला 'दहा' याच पानावर घ्यावा की संख्यांचं पान वेगळं काढावं, ते ठरवायचंय. तुमच्या वहीत कसं लावलंय, कळवा.