सहा फुटी प्लांटेड टँक: लाइट ठरले, आता पाणी

प्लांटेड टँक म्हणजे माशांबरोबर पाण्यातली झाडं लावायची काचेची टाकी. मागच्या नोंदीत स्टँड लेव्हल करून टँक वर चढला होता, तिथून पुढे. माप 6 बाय 2 बाय 2 फूट, काच 12 मिमी, काठोकाठ भरला तर सुमारे 680 लिटर. हार्डस्केप पक्कं झालंय: उजव्या कोपऱ्यातून मध्यापर्यंत आडवं येणारं एक दणकट ड्रिफ्टवुड आणि त्याच्या बुडाशी दगड. टँक कोरडा आहे तोवरच लाइटचा सोक्षमोक्ष लावायचा होता. कोरड्या टँकमध्ये हात घालून हव्या त्या कोपऱ्यात मीटर ठेवता येतो.

'सहा फुटाला किती वॉट?' हा प्रश्न मी बाजूलाच ठेवला. गॅलनमागे वॉट हे गणित ट्यूबच्या जमान्यातलं. तेव्हा बहुतेक ट्यूब एका वॉटला साधारण सारखाच उजेड द्यायच्या. एलईडीत तसं काही राहिलेलं नाही. लुमेनही माणसाच्या डोळ्याचं माप आहे, त्यात 555 नॅनोमीटरच्या हिरव्याला सगळ्यात जास्त वजन. झाडाला कामाचे ते 400 ते 700 नॅनोमीटरमधले फोटॉन, आणि ते मोजायचं माप म्हणजे पार (PAR). ढोबळ हिशेब असा: सॉइलवर, म्हणजे तळाच्या मातीवर, पार 30 च्या आत असेल तर क्रिप्ट, अनुबियास, जावा फर्न मजेत, 30 ते 50 मध्ये बहुतेक स्टेम (उभ्या दांड्याची झाडं) चालतात, त्यापुढे जायचं तर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आणि खतं दोन्ही नीट हवीत, नाहीतर झाडांच्या आधी शेवाळच वाढतं. केल्विनवर, म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या छटेच्या आकड्यावर, लोक तासन्‌तास भांडतात, मला त्यात फारसा रस नाही. 6500 असो वा 8000, झाड वाढतं. फरक आपल्या नजरेला पडतो.

मग आधी झाडं ठरवली. मागे रोटाला रोटंडिफोलिया आणि रोटाला मॅक्रँड्रा, मध्ये लाकडावर बुसेफलँड्रा आणि अनुबियास, पुढे क्रिप्टोकोरीन वेंडटी आणि लॅगेनँड्रा मीबोल्डी. मॅक्रँड्रा आणि मीबोल्डी दोन्ही आपल्याच पश्चिम घाटातल्या, त्यामुळे थोडा पक्षपात झालाय हे मान्य. थोडक्यात, मागे 50 च्या आसपास पार हवा, पुढे 30 पुरे. सगळीकडे सारखाच उजेड ओतायची गरजच नाही. लाइट निवडताना हाच मुद्दा सगळ्यात उपयोगी पडला.

खरा पार मीटर परवडत नाही, म्हणून वायरवाला सेन्सर असलेला साधा लक्स मीटर घेतला (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन). पांढऱ्या 6500 केल्विन एलईडीसाठी लक्सला 65 ते 70 ने भागलं की पारचा कामचलाऊ अंदाज येतो. आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या एलईडींच्या) लाइटला हे भागाकाराचं गणित लागू पडत नाही, कारण लाल-निळ्याला लक्स मीटर कमी लेखतो. तरी एकाच लाइटखाली मध्याची आणि कोपऱ्याची तुलना करायला तो पुरतो. मला तेवढंच हवं होतं.

मित्राकडून तीन फुटी आरजीबी फिक्स्चरची जोडी आणली आणि एकाच रांगेत, मध्यरेषेवर, काचेपासून चार इंचांवर ठेवली. तळाशी पुढच्या काचेजवळ मध्याच्या दोन तृतीयांश उजेड, कोपऱ्यात जेमतेम एक तृतीयांश. हे अपेक्षितच होतं. डोळे उघडले ते लाकडाच्या सावलीने: ड्रिफ्टवुडच्या पुढच्या अंगाला, जिथे क्रिप्ट लावायच्या आहेत तिथे, आकडा पाचव्या हिश्श्यावर आला. ब्राइटनेस वाढवून बघितला तर मधला भाग नुसता भगभगला, सावली होती तिथेच राहिली. वरच्या थरात तर आणखी गंमत. मागच्या काचेला टेकून वाढणारे स्टेम पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येऊ लागले की लाइटच्या झोताबाहेर जातात आणि पुढे झुकतात. दोन फूट रुंदीच्या टँकला एक रांग पुरत नाही, मग ती कितीही महागाची असो.

टी5 चा, म्हणजे बारीक फ्लोरोसंट ट्यूबचा, विचार करून सोडला. पसरट, मऊ उजेडात तिला अजूनही तोड नाही, पण 39 वॉटच्या तीन फुटी ट्यूब शोधत फिरायचं आणि उतरल्या की परत फिरायचं, नको.

शेवटी ठरलं ते असं: मागच्या रांगेत आरजीबीची जोडी, मागच्या काचेपासून सात इंचांवर. पुढच्या रांगेत 20 वॉटचे चार पांढरे फ्लडलाइट, आयपी65 (धूळ-पाणी आत न जाणारे), पुण्याच्या तपकीर गल्लीतून. हे फ्लडलाइट डिम होत नाहीत, म्हणून सगळं ॲल्युमिनियमच्या चौकटीवर बसवून चौकट छताला अँकर फास्टनरने टांगली. उंची वायरने कमी-जास्त होते. सध्या काचेच्या काठापासून दहा इंच वर आहे. नुसत्या पांढऱ्या रांगेचं पुढच्या पट्ट्यातलं रीडिंग 1900 ते 2200 लक्स, म्हणजे पार 30 च्या आसपास. लाकडाच्या पुढची सावली आता निम्म्यावर आली आहे, आणि क्रिप्टला तेवढी चालते.

वायरिंगबद्दल एकच आग्रह: प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या बुडाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. आणि लाइनवर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा ब्रेकर) हवाच.

आरजीबीची जोडी पूर्ण जोरात 180 वॉट खाते, मी 60 टक्क्यांवर ठेवणार. पुढचे 80 धरून एकूण 190 च्या आत. सात तासांना रोज सव्वा युनिटच्या वर, महिन्याला चाळीसेक युनिट. सुरुवातीला मात्र सहाच तास, सलग. सीओटू लाइटच्या तास-दीड तास आधी सुरू, म्हणजे लाइट लागेपर्यंत ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी कुपी) हिरव्याकडे वळलेला असेल. मुळं धरून नवी पानं आली की तास वाढवीन, जोर नंतर.

एक प्रश्न उरलाय तो झाकणाचा. माशांमध्ये डेनिसन बार्ब ठरलेत, शास्त्रीय नावच सह्याद्रिया डेनिसोनी. सहा फुटांत पळायला जागा मिळते म्हणून. पण पठ्ठे उडी मारतात. काचेचं झाकण आमच्या बोअरच्या पाण्याने पंधरवड्यात पांढरं पडतं आणि उजेड खातं. बारीक पांढरी मच्छरजाळी ताणून पाहिली तर लक्स पंचमांशाने उतरले. मोठ्या भोकाची पारदर्शक नायलॉन जाळी लावल्यावर जेमतेम वीसावा हिस्सा गेला. तीच चौकटीत बसवून घेतोय, पुढचा भाग बिजागरीचा, म्हणजे छाटणीला आख्खी जाळी उचलावी लागणार नाही. पाणी भरलं की मीटरचा सेन्सर झिपच्या पिशवीत घालून हीच सगळी ठिकाणं पुन्हा मोजेन आणि आकडे पुढच्या नोंदीत देईन.