दाखल्याच्या अर्जावर सही करण्याआधी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहीत आहे. प्रश्न बहुधा संध्याकाळी फोनवर येतो आणि शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी आशय तोच असतो: "मॅडम, शाळा म्हणते पोराचा दाखला घेऊन जा. काढू का?" सातारा जिल्ह्यात गटसाधन केंद्रातून, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातून, विशेष शिक्षिका म्हणून मी काम करते आणि दिव्यांग मुलांसाठी गावोगावच्या शाळांमध्ये जाते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. उत्तर आधी सांगते, कारणे मागाहून. तुम्हाला स्वतःला शाळा बदलायची नसेल, तर शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या अर्जावर सही करू नका.

शाळा मुलाला सहसा काढून टाकत नाही, कारण तसे करता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होण्याआधी कोणत्याही मुलाला शाळेतून काढण्यास मनाई आहे. म्हणून अर्ज पालकाकडून घेतला जातो. लिपिकाने आधीच लिहून ठेवलेला कागद पुढे येतो, कारणाच्या जागी 'घरगुती अडचणीमुळे' असे लिहिलेले असते, आणि आईने सही केली की कागदोपत्री तिनेच मुलाला शाळेतून नेले असे ठरते. पुढे तक्रार करायची म्हटले, तर तिच्याविरुद्धचा पहिला पुरावा तिचीच सही असते. शाळा बदलण्याचा हक्क त्याच कायद्याने मुलाला दिला आहे आणि मागितल्यावर दाखला लगेच देण्याचे बंधन मुख्याध्यापकांवर घातले आहे. दाखला आपणहून पालकाच्या हातात ठेवण्याचा हक्क शाळेला दिलेला नाही.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आईला मीच सांगितले होते की वाद वाढवू नका, दाखला काढा, कर्णबधिरांच्या निवासी शाळेत मुलीचे भले होईल. मुलगी दुसरीत होती. दाखला निघाला, पण एवढ्याशा लेकीला वसतिगृहात ठेवायला वडिलांचे मन धजेना, आणि जुन्या शाळेत परत जायला तोंड उरले नव्हते. दीड वर्षाने मी त्या घरी गेले तेव्हा मुलगी शेळ्या घेऊन माळावर गेली होती. तिच्या आईने कपाटावरची डबी काढून मला दाखवली. शिबिरात मिळालेले श्रवणयंत्र आत कापसात गुंडाळून ठेवले होते. बॅटरी केव्हाच संपली होती. त्या दिवसापासून 'दाखला काढा' हा सल्ला मी कोणालाही दिलेला नाही.

तेव्हा सही करू नका. पण भांडायलाही लगेच जाऊ नका, कारण शाळा जे कारण सांगते ते खरे कारण असेलच असे नाही. कोरेगावकडच्या एका गावातला मुलगा तिसरीत होता. स्वमग्न (ऑटिझम असलेला) होता, बोलणे मोजके आणि आवाजाचा त्रास फार. शाळेचे म्हणणे होते की त्याला अभ्यास झेपत नाही. आई अर्ज घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सही करू का नको, एवढंच सांगा." मी तिला घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका बसल्या होत्या. मी अभ्यासाचा विषय काढलाच नाही. तो नेमका कोणत्या वेळी त्रास देतो, एवढेच विचारले. बाईंनी टाचणवही उघडली. मागच्या पानांवर त्यांनी तारखा टिपून ठेवल्या होत्या. महिनाभरात मुलगा अकरा वेळा वर्गातून बाहेर पळाला होता आणि त्यातल्या नऊ नोंदी खिचडी खाऊन झाल्यावर वाजणाऱ्या घंटेच्या वेळच्या होत्या. बाई वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, फाटकाला कडी नाही. बाहेर उसाचे ट्रॅक्टर चालूयत. त्याला काय झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

गळीत हंगामात आमच्याकडचे रस्ते कसे असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या बाईंची भीती समजेल. चाळीस मुलांचा वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या शिक्षिकेने ती भीती कोणाला सांगायची, याला जागाच नव्हती, म्हणून 'अभ्यास झेपत नाही' हे वाक्य तयार झाले होते. आईला ते वाक्य मुलाचा अपमान वाटले होते आणि बाईंना आईची शांतता बेफिकिरी वाटली होती. त्या बैठकीत चार गोष्टी ठरल्या: शाळा व्यवस्थापन समितीने फाटक दुरुस्त करायचे, घंटेआधी पाच मिनिटे मुलाला सांगून ठेवायचे, त्याची जागा दारापासून हलवायची आणि पहिले पंधरा दिवस मधल्या सुट्टीत आईने शाळेत थांबायचे. इतिवृत्त लिहिले, सह्या घेतल्या. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. फाटकाला कडी बसायला फेब्रुवारी उजाडला आणि तोपर्यंत तो आणखी दोनदा पळाला. पण दाखल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

माझी एक मावसबहीण अमेरिकेत असते. तिथे १९७५ पासून दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी वेगळा कायदा आहे, प्रत्येक पात्र मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा पालकांसोबत बसून लेखी करावा लागतो, आणि वाद झालाच तर सरकारी खर्चाने तटस्थ मध्यस्थ मिळतो. तसा मध्यस्थ आपल्या शाळेत कोणी धाडत नाही. ते काम आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना, विशेष शिक्षकाला किंवा समितीतल्या एखाद्या समंजस पालकाला करावे लागते. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, हे पुष्कळ पालकांना माहीतच नसते. बैठक मागताना 'माझ्या मुलाकडे लक्ष द्या' असे लिहू नका, कारण त्यावर 'देतो' एवढेच उत्तर येते. पुढच्या बाकावर बसवा, फळ्यावरचे वाचूनही दाखवा, गृहपाठ निम्मा द्या, चाचणीला जादा वेळ द्या, असे मोजता येईल ते मागा. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर तारखेसह शाळेचा शिक्का घ्या. पोच मिळत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

विशेष शाळेविषयी माझ्या मनात अढी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. जे मूल खुणांच्या भाषेत खुलते, त्याला ती भाषा बोलणाऱ्या मुलांमध्ये न्यावेसे वाटणे योग्यच आहे. पण पसंती तुमची असावी, आणि ती शाळा डोळ्यांनी पाहून, वसतिगृहात तासभर बसून ठरलेली असावी.

आणि बोलून होत नसेल तर तक्रार करा, संकोच करू नका. हाच अधिनियम सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी करायला सांगतो. त्यात परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक यांचाही उल्लेख आहे. नववीतल्या एका अध्ययन अक्षम (वाचन-लेखनात विशेष अडचण असलेल्या) मुलाला शाळा जादा वेळ देईना. दहावीला बोर्ड देईल तेव्हा बघू, असे म्हणत होती. वडिलांनी पोच घेतलेले तीन अर्ज जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. सुनावणीची तारीख लागली आणि त्याआधीच शाळेने तासाला २० मिनिटे जादा वेळ देत असल्याचे पत्र दिले. शिक्षण हक्क कायद्याखाली लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे करता येते आणि दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. तो पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाते. दिव्यांगत्वामुळे हक्क नाकारला गेला असेल तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते आणि चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. यातल्या कशालाच वकील लागत नाही. पोच घेतलेले कागद लागतात.

एवढे सांगून झाले की फोनवर थोडा वेळ शांतता असते आणि मग खरा प्रश्न येतो: "शाळा पोरावर डूख धरणार नाही ना?" धरणारच नाही, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. काही शाळांमध्ये तक्रारीनंतर मुलाला नावानिशी हाक मारणे बंद झाल्याचे मी पाहिले आहे, आणि मानसिक त्रास देणे हा शिक्षण हक्क कायद्याने शिस्तभंगाचा विषय केलेला असला तरी असे मौन सिद्ध करणे सोपे नसते. अशा वेळी मी दर आठवड्याला त्या वर्गात जाऊन बसते, आईला रोज रात्री मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहायला सांगते, आणि बाईंशी तक्रारीबद्दल न बोलता त्यांच्या वर्गाबद्दल बोलते. कोरेगावकडची ती आईही घाबरलेली होती. पंधरा दिवसांचे तिचे थांबणे संपल्यावरही ती कधीमधी मधल्या सुट्टीत शाळेत येते आणि पोषण आहाराच्या ताटल्या मांडू लागते. बाई तिला आता टाचणवही स्वतःहून दाखवतात.