बुद्धिबळाचे दहा पट डोक्यात कसे मावतात?

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळ रुजवलं, त्यामुळे इथले पालक हमखास विचारतात, “पट न बघता एकदम दहा डाव खेळायचे म्हणजे स्मरणशक्ती केवढी लागत असेल? आमच्या मुलाला जमेल का?” तुम्ही विचारलंत म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

स्मरणशक्ती लागतेच, पण फोटोसारखी नव्हे. आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८९४ मध्येच लिहिलं होतं की मुरलेल्या खेळाडूला सोंगट्यांचा रंग-आकार फारसा दिसत नाही. कोणाचा कोणाला जोर आहे, कोण कोणावर रोखलंय, हे कळत असतं.

खरा त्रास पहिल्या दहा खेळ्यांत होतो, कारण तेव्हा सगळे पट सारखेच असतात. म्हणून ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, वाटून घ्यायची: पट १ ते ३ वर पहिलं प्यादं ई४ या घरात (ई हा स्तंभ, ४ ही ओळ), ४ ते ६ वर डी४, ७ ते ९ वर सी४, दहाव्यावर एफ४. पुढे प्रत्येक डावाला स्वतःची ओळख येते, जसं ‘सहावा, काळ्याचा उंट कोंडलेला’. चुका ठरावीक जागी होतात. कडेचं प्यादं एक घर सरकलेलं विसरतं. एफ३ आणि बी१ हे दोन्ही घोडे डी२ वर जाऊ शकतात, त्यातला कुठला गेला ते निसटतं. मग पहिल्या खेळीपासून डाव मनात पुन्हा खेळून बघण्यावाचून उपाय नाही.

डोळे उघडे ठेवून खेळायच्या सायमलमध्ये, म्हणजे एकाने अनेकांशी एकाच वेळी फिरत खेळायच्या प्रकारात, ताण वेगळा. २० पट, प्रत्येकी ३० खेळ्या, म्हणजे ६००. चार तासांत उरकायचं तर चालण्यासकट एका खेळीला २४ सेकंद. कच्चे खेळाडू लवकर हरतात, चिवट तेवढे उरतात आणि फेरी झपाट्याने पुन्हा त्यांच्यापाशी येते, तीही पाय भरून आल्यावर. जिंकलेले डाव तिथे हातचे जातात.

ग्रँडमास्टर मिगेल नाजडॉर्फ १९४७ मध्ये साओ पाउलोत न बघता ४५ डाव खेळला: ३९ जिंकले, ४ बरोबरीत, २ हरला. सोव्हिएत संघाने मात्र १९३० मध्ये असे प्रयोग आरोग्याला घातक म्हणून बंद केले होते. माझ्या मते ती काळजी रास्त होती.

मुलाला घरांच्या रंगापासून सुरुवात करून द्या. स्तंभाचा क्रमांक (ए म्हणजे १, बी म्हणजे २, असं) अधिक ओळीचा; बेरीज सम आली तर घर काळं. ई४ म्हणजे ५ अधिक ४, नऊ, म्हणून पांढरं. मग एफ३ वरच्या घोड्याची आठ घरं तोंडी. मग रिकामा पट समोर ठेवून एक डाव, त्यानंतर पटाशिवाय. तो डाव एकही चुकीची खेळी न सांगता पूर्ण झाल्याशिवाय दुसरा पट नको, आणि झोपायच्या आधी तर नकोच. डोक्यातला डाव थांबत नाही.