उशिरा पोचलेली बीप

दुपारच्या सत्रात एका सहभागी बाईंनी प्रयोग मध्येच थांबवला. "बीप वाजली की एक रेषा उठून दिसते," त्या म्हणाल्या, "पण ती दरवेळी भलतीच निघते." काहीच सापडत नाही, ही तक्रार या प्रयोगात नेहमीचीच असते. भलतंच सापडतं, असं तोवर कोणी म्हटलं नव्हतं.

प्रयोग असा. स्क्रीनवर २४ तिरक्या रेषा असतात, काही लाल, काही हिरव्या. त्यांचे रंग सतत बदलत राहतात, एका वेळी एक ते तीन रेषांचे. त्यांच्यात एकच रेषा अगदी आडवी किंवा अगदी उभी असते. ती शोधायची आणि आडवी की उभी ते बटण दाबून सांगायचं. नुसत्या डोळ्यांनी हे काम जिकिरीचं आहे, कारण प्रत्येक बदल नजर खेचतो. ही लक्ष्यरेषा सरासरी ९०० मिलिसेकंदांतून एकदा रंग बदलते आणि त्या क्षणी ती एकटीच बदलते. नेमकी तेव्हाच हेडफोनमध्ये ५०० हर्ट्झची, ६० मिलिसेकंदांची बीप वाजवायची. बीपच्या दोन्ही टोकांना ५ मिलिसेकंदांचा चढ-उतार द्यावा लागतो, नाहीतर सुरुवातीला आणि शेवटी 'टक्' ऐकू येतं.

बीप दोन्ही कानांत सारखीच वाजते. रेषा डावीकडे की उजवीकडे, लाल की हिरवी, यातलं ती काहीच सांगत नाही. ती फक्त 'आत्ता' एवढंच सांगते. तरीही रेषा गर्दीतून उसळून वर आल्यासारखी दिसते, आणि रेषांची संख्या वाढवली तरी शोध फारसा लांबत नाही. ॲमस्टरडॅमच्या एरिक व्हॅन डर बर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हे दाखवलं. 'पिप अँड पॉप' हे नाव त्यांचंच. रंगबदल मात्र झटक्यात व्हायला हवा. रंग हळूहळू विरघळत बदलला तर बीपला धरायला क्षणच उरत नाही आणि परिणाम नाहीसा होतो.

आमच्याकडे त्या दिवशी बीप असूनही कोणाचा शोध सोपा होत नव्हता. लाल आणि हिरव्याची उजळता सारखी आहे का ते तपासलं, ठीक होती. बीपचा आवाजही पुरेसा होता. संगणकाच्या नोंदीत रंगबदल आणि बीप एकाच मिलिसेकंदावर होते. हेडफोनवर कोणी संशय घेतला नाही, कारण त्याच हेडफोनवर सकाळचा दुसरा प्रयोग उत्तम पार पडला होता.

तो प्रयोग चित्र ओळखण्याचा. एखादं चित्र, समजा कुत्र्याचं, दोन फ्रेमपुरतं दाखवायचं, म्हणजे ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर साधारण ३३ मिलिसेकंद, आणि लगेच त्यावर रेघोट्यांचा मास्क, म्हणजे चित्र झाकणारं दुसरं चित्र, टाकायचा. सोबत भुंकणं ऐकवलं तर चित्र जास्त वेळा ओळखलं जातं. न जुळणारा आवाज असेल तर ओळख घसरते. इथे मदत होते ती आवाजाच्या अर्थाची. यी-चुआन चेन आणि चार्ल्स स्पेन्स यांच्या २०१० च्या प्रयोगांत जुळणारा आवाज चित्रानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी आला तरी फायदा टिकला होता. म्हणूनच आवाज उशिरा पोचत असूनही सकाळी काही बिघडलेलं दिसलं नाही. वेळेची चूक अर्थाने झाकून टाकली होती.

बाईंचं वाक्य ऐकल्यावर मात्र वेळ मोजण्यावाचून इलाज नव्हता. स्क्रीनच्या कडेला, मध्यावरच्या उंचीवर, काळ्या पार्श्वभूमीत एक छोटा पांढरा चौकोन ठेवला. लक्ष्यरेषा बदलली की तो उजळायचा. त्यावर फोटोडायोड, म्हणजे उजेड टिपणारा छोटा भाग, चिकटवून त्याची तार ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेचे संकेत वेळेनुसार दाखवणाऱ्या यंत्राच्या, पहिल्या चॅनेलला दिली. चौकोन मध्यावरच हवा, कारण पडदा वरून खाली रंगवला जातो आणि ६० हर्ट्झवर वरच्या व खालच्या कडेत जवळजवळ १६ मिलिसेकंदांचा फरक पडतो. हेडफोन वायरलेस होता, आदल्या आठवड्यात डोक्याला हलका म्हणून आणलेला. त्यातून तार काढता येत नाही, तेव्हा त्याच्या कानपाळीत छोटा मायक्रोफोन दाबून बसवला आणि तो दुसऱ्या चॅनेलला जोडला.

दोन खुणांमध्ये सुमारे २०० मिलिसेकंद निघाले, आणि तेही स्थिर नाहीत. खूण दरवेळी थोडी पुढेमागे सरकत होती. संगणकाची नोंद खोटी नव्हती. आवाज ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाजाचं यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली केल्याची वेळ तिच्यात होती. आवाज कानात कधी पोचला हे त्या नोंदीला कळायचा मार्गच नाही. वायरलेस हेडफोन आवाज आधी दाबून पाठवतो, मग पलीकडे तो साठवून उलगडतो. वेळ जातो तो तिथे.

आता भलत्या रेषेचं कोडंही सुटलं. आमच्या रचनेत लक्ष्यरेषेनंतर १०० मिलिसेकंदांनी दुसऱ्या रेषा बदलतात, आणि त्यानंतर ५०, १०० किंवा १५० मिलिसेकंदांनी आणखी काही. २०० मिलिसेकंद उशिराची बीप बरोबर त्या बदलांच्या आसपास पडत होती. त्या वेळी एकटीच रेषा बदलली असेल, तर बीप तिला चिकटायची आणि तीच उठून दिसायची. म्हणजे परिणाम गेला नव्हता. तो पूर्ण ताकदीने चुकीच्या रेषेवर काम करत होता. मला अजूनही हा त्या दिवसातला सर्वात सुंदर पुरावा वाटतो, कारण सहभागीला उशिराची काहीच कल्पना नव्हती.

तारेचा हेडफोन लावला तेव्हा फरक सुमारे ४५ मिलिसेकंदांवर आला. उरलेला उशीर बफरचा, म्हणजे वाजण्याआधी आवाज जिथे तुकड्यांनी साठतो त्या जागेचा, होता. सेकंदाला ४८००० सॅम्पल (आवाजाचे नमुने) या दराने १०२४ सॅम्पलचा एक बफर म्हणजे २१.३ मिलिसेकंद, आणि असे दोन भरल्याशिवाय आवाज सुटत नव्हता. बफर १२८ वर आणला तर आवाज तडतडू लागला. २५६ वर, म्हणजे ५.३ मिलिसेकंदांवर, स्वच्छ राहिला. आवाजाची वाट फक्त प्रयोगाच्या प्रोग्रामसाठी राखून ठेवली, म्हणजे दुसऱ्या कुठल्या सूचनेचा आवाज मध्ये मिसळत नाही. स्क्रीनची चित्र 'सुधारणारी' सगळी सेटिंग बंद केली, कारण तीही फ्रेम अडवून धरतात. उरलेला उशीर स्थिर होता, म्हणून तेवढी बीप आधी सोडली. स्थिर उशीर वजा करता येतो; डोलणारा उशीर करता येत नाही.

पडताळणीसाठी लडान शम्स आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा झगमगाटाचा भ्रम वापरला. नजर मध्यावर खिळवायची, कडेला एक पांढरी चकती एकदाच चमकवायची आणि त्याच वेळी ६० मिलिसेकंदांच्या आतल्या अंतराने दोन बीप वाजवायच्या. बऱ्याच जणांना चकती दोनदा चमकल्यासारखी दिसते. वायरलेसवर आमच्यापैकी कोणालाच दोन दिसल्या नव्हत्या. तारेवर पहिल्याच फेरीत दिसल्या.

संध्याकाळी त्याच बाई परत बसल्या. थोड्या फेऱ्यांनंतर त्यांनी मान हलवली: "आता बरोबर रेषा येते."

तेव्हापासून प्रत्येक सत्राआधी १०० चमक-बीप जोड्या मोजून उशिराची सरासरी आणि पसारा, म्हणजे तो किती पुढेमागे सरकतो ते, वहीत लिहितो. पसारा २ मिलिसेकंदांच्या वर गेला तर सहभागीला बसवत नाही. चित्र ओळखण्याच्या प्रयोगात उशीर आता मुद्दाम घालतो, ०, १५०, ३०० आणि ५०० मिलिसेकंदांचा, आणि तोही तारेच्या हेडफोनवरच, कारण शून्य कुठे आहे हे आधी ठाऊक असावं लागतं.