"बघतो मॅडम" म्हणणारं हॉटेल

हॉटेलात रात्री शेजारच्या खोलीत दंगा सुरू झाला की माणूस आधी शेजाऱ्यांवर चिडतो. मीही चिडते, पण तो राग फार टिकत नाही. चार मित्र बऱ्याच दिवसांनी भेटलेत, हसतायत, गाणी लावलीयत. घराबाहेर पडल्यावर माणसं जरा सैल सुटतातच. माझं डोकं खरं फिरतं ते खाली रिसेप्शनवरून येणाऱ्या "बघतो मॅडम"मुळे.

मी कारखान्यांमध्ये सुरक्षिततेचं प्रशिक्षण देते. गेल्या महिन्यात अशाच कामासाठी एका हॉटेलात उतरले होते. सकाळी ९ वाजता वर्ग होता आणि विषय होता आवाजापासून कानांचं संरक्षण. (हसू नका.) खोली तशी नीटनेटकी होती, पण कपाटाशेजारी एक जादाचं दार दिसलं आणि मनात पाल चुकचुकली. एकत्र आलेल्या कुटुंबाला दोन खोल्या जोडून देता याव्यात म्हणून हे कनेक्टिंग डोअर ठेवतात. कुटुंब नसेल तेव्हा त्याला कुलूप लावून दोन्हीकडे अनोळखी माणसं उतरवतात. भिंत कितीही जाड असली तरी जिथून हवा जाते तिथून आवाजही जातोच. बऱ्या हॉटेलांत तिथे पाठीला पाठ लावून दोन दारं असतात, चौकटीला रबरी पट्टी असते. इथे दार एकच होतं आणि त्याची पट्टी खालच्या कोपऱ्यात सुटून लोंबत होती. रात्री दिवा मालवला तेव्हा पलीकडच्या उजेडाची रेघ माझ्या फरशीवर पडली. तिच्यात पावलांच्या सावल्या इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या.

साडेअकरापर्यंत नुसत्या गप्पा होत्या, मग गाणी सुरू झाली. माझ्या पिशवीत फोमचे इअरप्लग कायम असतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचे. हे मी इतरांना शिकवते, तेव्हा मला येतं असं म्हणायला हरकत नाही. पण प्लगने उंच पट्टीतले आवाज चांगले अडतात, खालच्या पट्टीतले तितके नाही. भिंतीचंही तेच. त्यामुळे गाण्याचे शब्द गेले आणि धडधड तेवढी उरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनानुसार झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा, अधूनमधून होणारा ४५ च्या वर नसावा. माझ्या फोनवरचा आकडा पन्नाशी ओलांडून गेला होता. फोनच्या मोजमापावर मी कारखान्यात कधी भरवसा ठेवणार नाही, पण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, एवढा हिशेब पुरे. त्यात नव्या जागेतली पहिली रात्र. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं होतं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही, पहारा देत राहतो. माझ्या पहारेकऱ्याला त्या रात्री भरपूर काम होतं.

रिसेप्शनला फोन केला. "सांगतो मॅडम." काही झालं नाही. पुन्हा केला. "सांगितलंय मॅडम." दाराच्या भिंगातून मी कॉरिडॉरकडेच बघत होते, तिथे चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. शेजारचं दार मी स्वतः कधीच ठोठावत नाही. रात्रीची वेळ, पलीकडे कोण, किती प्यायलेले, काही पत्ता नाही. ते काम हॉटेलचं आहे आणि त्याचे पैसे त्यांनी घेतलेत.

शेवटी शाल गुंडाळून खाली गेले. काउंटरवर विशीतला एकटा पोरगा, समोर प्रिंटरच्या कागदांचा ढीग. नाइट ऑडिट चालू होतं, म्हणजे दिवसाचा सगळा हिशेब जुळवून सिस्टीम पुढच्या तारखेवर न्यायची. काउंटर सोडायची त्याला परवानगी नाही. ड्युटी मॅनेजर घरी, फोन उचलत नाही.

"वर रिकाम्या खोल्या आहेत का?"

"आहेत मॅडम, पण वरच्या कॅटेगरीतल्या. सरांना विचारल्याशिवाय देता येत नाही."

आता सांगा, रात्री एक वाजता रिकामी असलेली खोली सकाळपर्यंत रिकामीच राहणार. आजची न विकलेली रात्र काही उद्या विकता येत नाही. मला दिली असती तर फार तर एक चादर जास्त धुवावी लागली असती. पण एवढा निर्णय घ्यायची मुभा रात्रपाळीच्या पोराला द्यावी, असं कोणाला सुचलेलं नाही. त्याच्यावर ओरडून काय उपयोग? तोही माझ्यासारखाच अडकलेला.

मी लॉगबुक मागितलं. "तुमच्या हातानेच लिहा. वेळ, खोली नंबर, तक्रार, आणि मॅनेजर फोन उचलत नाहीत हेही." शेवटचं वाक्य लिहिताना तो थबकला, पण त्याने लिहिलं. मी पानाचा फोटो काढला. तोंडी तक्रार पाळी बदलली की हवेत विरते, शाईतली विरत नाही. आणि काय आश्चर्य, इतका वेळ गेटवरून हलू न शकणारा गार्ड लगेच वर गेला. गाणी थांबली, पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू झाली. मग त्या पोराने हळूच एक किल्ली पुढे केली. कॉरिडॉरच्या टोकाची खोली, नळ गळतो म्हणून विक्रीतून काढलेली. "सकाळी कोणाला सांगू नका." घेतली. नळाची टपटप प्लगने सहज अडवली.

सकाळी मॅनेजर हसतमुखाने हजर. "अहो, रात्रीच सांगायचंत ना!" मी फोटो पुढे धरला. तो वाचून त्यांनी मला लेट चेक-आउट देऊ केलं. मी बॅग घेऊन, बूट घालून त्यांच्यासमोर उभी होते. पैशांचं विचारलं, तर बुकिंग वेबसाइटवरून झालंय, त्यांच्याशी बोला. वेबसाइट म्हणाली, हॉटेलने मान्य केलं तरच परतावा. पोराने मला दिलेल्या खोलीबद्दल मात्र मी अवाक्षर काढलं नाही.

मग सविस्तर ईमेल लिहिली. आठवड्याने उत्तर आलं. त्यात खोलीचा नंबर भलताच होता आणि नाश्ता गार मिळाल्याबद्दल मनःपूर्वक दिलगिरी होती. मी लॉगबुकचा फोटो जोडून ती तशीच परत पाठवली आहे.